रिकाम्या झोळीचं वजन

आडे सरांनी भर वर्गात शाबासकी दिली आणि त्याच क्षणी हलीमाचं वर्गातलं लक्ष उडालं.

वर्ग रविवारचा होता. आठवडाभर कामाला जुंपलेल्या आणि राहून गेलेली बी.ए. पुरी करायला निघालेल्या लोकांचा. त्यात शिवणकाम करणाऱ्या बाया होत्या, ग्रामपंचायतीचा कारकून होता, दोघींना तर नातवंडं होती. कला शाखेच्या माणसालाही दुसऱ्या शाखेचा एक पेपर घ्यावाच लागतो म्हटल्यावर सगळ्यांनी कॉम्प्युटरवर उड्या टाकल्या. अर्ज भरायला उशिरा पोचले त्यांच्या वाट्याला 'भौतिक विज्ञानाची तोंडओळख' आली. हलीमा उशिरा पोचणाऱ्यांतली. दहावीला विज्ञानात सदतीस मार्क मिळवून तिने त्या विषयाला कायमचे हात जोडले होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता.

त्या दिवशी पाण्याचं वजन काढायचं होतं. एक काचेचं भांडं, एक मापाची नळी आणि एक छोटा काटा. कारकून रामलालभाऊंनी दीडशे मिलिलिटर पाणी घेतलं आणि वहीत ऐटीत अडीचशे ग्रॅम लिहिलं. नेमसिंग आडे सरांनी वही उचलून दोनदा पाहिली.

"रामलालभाऊ, पाण्यात काय मिसळलं?"

"काही नाही सर. नळाचंच हाय."

"मग भांडं पहिले रिकामं तोललं होतं का?"

रामलालभाऊंनी खिशातून चष्मा काढला, म्हणजे तोललं नव्हतं. सर म्हणाले, शंभर ग्रॅम काच तुम्ही पाण्याच्या नावावर टाकली. वर्ग हसला. सगळ्यांत जास्त हलीमा हसली, कारण तिचं उत्तर एकशे अठ्ठेचाळीस आलं होतं. सरांनी तिची वही वर करून दाखवली. म्हणाले, बाईंनी आधी रिकामं भांडं ठेवलं, हेच विज्ञान. काट्यावर काही ठेवायच्या आधी पाहायचं, काही नसताना तो काय दाखवतो.

हलीमाचं हसू तोंडावरच राहिलं. झोळी, तिच्या मनात आलं. आपली झोळी आपण रिकामी कधी टांगली?

पुढचा अर्धा तास सर काय शिकवत होते ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. वहीच्या समासात ती पेनाने एकाच जागी गिरवत बसली आणि कागद फाटला.

हलीमा मूळची पुसदची, पिंजाऱ्याची लेक. बाप खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली फिरायचा, लोकांच्या गाद्या उसवून त्यातला दबलेला कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. लग्न झालं तेही त्याच धंद्यातल्या बशीर मन्सुरीशी. त्याचं मारेगावला गादी-रजईचं दुकान. बारावी झालेली सून घरात बसून टाके घालते हे सासऱ्यालाच पटलं नाही. त्याने अर्ज भरायला लावला आणि हलीमा वॉर्डातल्या अंगणवाडीची सेविका झाली. त्याला अठरा वर्षं झाली. आधी घराघरातून पोरं बोलवून आणावी लागायची, आता त्यांतल्याच पोरी आपली बाळं घेऊन येत होत्या. हलीमाताईने सांगितलं म्हणजे झालं, असं वॉर्डात होतं. पदवी मिळाली की मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. म्हणून हा रविवारचा खटाटोप.

दर महिन्याला अंगणवाडीत बाळांची वजनं होत. छताच्या कडीला टांगता काटा, त्याच्या आकड्याला झोळी, झोळीला पाय बाहेर काढायला दोन भोकं. काट्याबरोबर आलेली झोळी नायलॉनची होती. तिच्या कडा बाळांच्या मांड्यांना काचायच्या. झोळी पाहिली की बाळं रडून आकाश-पाताळ एक करायची आणि आया म्हणायच्या, राहू द्या ताई, पुढच्या महिन्यात पाहू. जूनमध्ये ती झोळी फाटली. हलीमाने घरी बसून नवी शिवली. जाड सुती कापडाची, आत बोटभर कापूस भरून, वरून रजईसारखे टाके, पायांच्या भोकांना मऊ गोट. बाळं त्यात गप बसायला लागली. एक तर झोपलंसुद्धा. मुख्यसेविका सत्यभामा मॅडमनी फोटो काढून सगळ्या सेविकांच्या ग्रुपवर टाकला, आणि हलीमाला दिवसभर अंगठे आले.

बाळाला लटकती झोळी दिसू नये म्हणून तिने एक रीत पाडली होती. आईच्या मांडीवरच बाळाला झोळीत बसवायचं आणि मग झोळीसकट उचलून आकड्याला अडकवायचं. उतरवतानाही तसंच. त्यामुळे नवी झोळी रिकामी अशी काट्याला कधी लागलीच नव्हती. काट्याचा शून्य मात्र अजून त्या जुन्या, मूठभर वजनाच्या नायलॉनला धरून होता.

वर्ग सुटला तसा तिने डबाही उघडला नाही. अंगणवाडीची किल्ली पर्समध्येच असते. रविवारी बंद असलेलं कुलूप उघडताना पलीकडच्या ओट्यावरच्या म्हातारीने विचारलं, आज काय पोरी? हलीमा म्हणाली, रजिस्टर राहिलं. अठरा वर्षांत या दारात उभं राहून ती पहिल्यांदा खोटं बोलली असेल.

झोळी कपाटात घडी करून ठेवलेली होती. शुक्रवारी मदतनीस कौसल्याने धुतली होती, आतून अजून सर्द लागत होती. हलीमाने ती आकड्याला अडकवली आणि हात सोडला.

काटा साडेचारशे ग्रॅमवर जाऊन थांबला.

तिने झोळी काढली, पुन्हा लावली. काच बोटाने ठोकून पाहिली. खुर्ची ओढून वर चढून डोळ्यांच्या रेषेत पाहिलं. साडेचारशे. मग ती खाली बसली आणि रजिस्टर उघडलं.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. अडतीस बाळं. जुलैत सगळ्यांची वजनं अशी काही वाढली होती की सत्यभामा मॅडम स्वतः येऊन अंडी आणि खिचडी पाहून गेल्या होत्या. या अंगणवाडीत एकही तीव्र कुपोषित बालक नाही, असं तालुक्याच्या यादीत गेलं होतं. पुढच्या महिन्यात यवतमाळला सत्कार होता. हलीमाने पेन्सिलीने एकेका आकड्यातून साडेचारशे वजा करायला घेतले. वाढीच्या तक्त्यावर हिरव्यातली, म्हणजे ठीक वजनाची, सात बाळं पिवळ्यात आली. पिवळ्यातलं एक लालमध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात गेलं.

ते एक म्हणजे मित्रा. पूर्ण नाव संघमित्रा, अकरा महिन्यांची. पायल आणि धम्मदीपची पहिली मुलगी. जुलैत साडेसहा किलो, ऑगस्टमध्ये साडेसहा, आता सप्टेंबरमध्येही साडेसहा. ऑगस्टमध्ये पोरीला जुलाब झाले होते. पायल दोनदा येऊन म्हणाली होती, ताई, पोरगी हलकी लागते, यवतमाळला दाखवून आणू का? हलीमाने तिला काट्याजवळ नेऊन आकडा दाखवला होता. वजन धरून आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नको, म्हणाली होती.

आणि पायल उद्या जाणार होती. धम्मदीपला बुटीबोरीला कंपनीत काम लागलं होतं, खोली ठरली होती, सकाळी साडेसहाची गाडी. नव्या गावात कोण तिचं नाव घालणार, कोण वजन करणार? सहा महिने तरी कोणी पोरीकडे पाहणार नव्हतं.

हलीमा उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. पायलच्या घरी जायला चार मिनिटं लागतात. ती गेली नाही. घरी गेली.

घरी तिने भात टाकला, आणि पाणी घालायचं राहिलं. कढई घासली आणि थोड्या वेळाने तीच कढई पुन्हा घासायला घेतली. शेवटी सत्यभामा मॅडमना फोन लावला. मॅडम कुठल्याशा लग्नात होत्या, मागे बँड वाजत होता. हलीमाने सगळं सांगितलं. बँडपासून लांब जाईपर्यंत मॅडम हूं हूं करत राहिल्या.

मग त्यांनी समजुतीच्या सुरात तिला वाट काढून दिली. यादी जिल्ह्याला गेली आहे. आता एकदम सात पोरं खाली पडली तर चौकशी लागेल आणि त्यात तुमच्या अर्जाचं काय होईल ते तुम्हीच पाहा. शून्य उद्या नीट करून घ्या. पुढच्या तीन महिन्यांत दरवेळी थोडं थोडं कमी लिहा. पावसाळा सरला की पोरं आजारी पडतातच, कोणाला काही वाटणार नाही.

"आणि पायलची पोरगी?" हलीमाने विचारलं.

"ती तर जाऊन राह्यली ना उद्या?" मॅडम म्हणाल्या. "मग ती आपल्या यादीतच नाही."

वाईट बाई नव्हती सत्यभामा. हलीमाच्या फॉर्मची फी भरायच्या तारखेची तिनेच दोनदा आठवण करून दिली होती. म्हणूनच फोन ठेवल्यावर हलीमाला थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा राग आला.

दुकानात बशीर एका लग्नाच्या रजईला टाके घालत बसला होता. हलीमा वर्गाला जायला लागल्यापासून तो तिला प्रोफेसर म्हणायचा.

"या प्रोफेसर. आज काय शिकवलं, पाणी ओलं असते म्हनून?"

तिचा चेहरा पाहून त्याने तोंडातला दोरा काढला. तिने बसून सांगितलं. सांगता सांगता आपला मार्गही सांगितला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिन्यांतून साडेचारशे वजा करते, पायलला एक चिठ्ठी लिहून देते की पोरीला तिकडे गेल्यावर दाखव. भांडण नाही, काही नाही. गणित तर झालंच आहे.

बशीरने कापसाचा एक पेळू उचलला, मुठीत दाबला आणि सोडला.

"साडेचारशे आज भरली. जुलैत किती भरली होती?"

"तीच झोळी आहे."

"झोळी तीच. जुलैत आठ दिवस ऊन नव्हतं, दोरीवरून तशीच ओली नेली असन तुमच्या कौसल्यानं. मंग ऑगस्टात उघाड पडली. कापूस हाय तो हलीमा, हवेतलं पाणी पिते. पुसदच्या पिंजाऱ्याची पोरगी तू, अन् हे मी सांगू तुले?"

हलीमाची कानशिलं तापली. ज्या गावात कापूस विकायला नेला की आधी त्याची ओल पाहतात, त्या गावात ती राहत होती. बाप तर भाद्रपदात कोणाची गादी भरून द्यायचाच नाही. म्हणायचा, पाण्याचं वजन भरून देऊ का लोकांना? आणि ती स्वतः कापूस भरलेली झोळी तीन महिने काट्याला लावत होती, भर पावसाळ्यात.

म्हणजे वजा करायला आकडाच नव्हता. मित्राचं जुलैतलं वजन गेलं, ऑगस्टचंही गेलं, ते आता कोणालाच कधी कळणार नव्हतं. कळणार होतं ते फक्त आज, आणि तेही पोरीला पुन्हा तोललं तर.

"चहा पिऊन जा," बशीर म्हणाला. ती तोवर रस्त्यावर होती.

पायलच्या घरात सामान बांधून झालं होतं. भांडी जुन्या साडीत बांधलेली, गादीची वळकटी, भिंतीवरून उतरवलेली बाबासाहेबांची तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी ठेवलेली. धम्मदीप गॅसचं सिलिंडर परत करायला गेला होता. मित्रा सतरंजीवर बसून एक चमचा धरून होती. आपटत नव्हती, नुसता धरून होती. हलीमाने तिच्याकडे आज काट्याशिवाय पाहिलं. दंडावरची कातडी सैल दिसली. हे असंच शुक्रवारीही दिसलं असणार.

"बसा ताई. पाणी देते, गिलास तेवढे बांधाचे राह्यले."

"पायल, मित्राचं वजन मी तुला चुकीचं सांगितलं."

पायल ग्लास घेऊन उभी राहिली. हलीमाने झोळीचं सांगितलं. कापूस, शून्य, ओल, सगळं. सांगताना तिलाच कळत होतं की एवढं सगळं सांगायची गरज नाही. पायलने मध्ये तोडलं नाही. बावीस वर्षांची पोरगी, ग्लास खाली ठेवून तिने आधी मित्राला उचललं.

"किती जास्त सांगितलं?"

"अर्धा किलो धरून चाल."

"मी ऑगस्टात म्हनलं होतं तुमाले. कडेवर घेतली तं समजते मले, हलकी लागून राह्यली म्हनून. तुमी मले काटा दाखवला."

"हो."

"यांची आई म्हने, पायलले वेड लागलं, पोरगी चांगली हाय. मी सगळ्याईले सांगत होती, अंगनवाडीत साडेसहा भरली. माह्याच तोंडानं सांगत होती."

हलीमाने अंगणवाडीची किल्ली बाहेर काढली. ती म्हणाली, चल, शून्य नीट करून परत तोलू, पाच मिनिटांचं काम आहे.

"तुमच्या काट्यावर नाई," पायल म्हणाली.

ती चपला घालून निघालीसुद्धा. पुढे पायल, कडेवर मित्रा, मागे हलीमा. एरवी रस्त्याने जाताना चार ठिकाणी ताई, ताई होतं. आजही झालं, पण हलीमाला कोणाकडे पाहता आलं नाही. वळणावर सदाशिवरावांचं धान्याचं दुकान होतं. पोती तोलायचा सपाट काटा पायरीशीच असतो, लाल आकडे दिसणारा. सदाशिवराव सोयाबीनचं पोतं शिवत होते.

"आता पोरंही तोलून द्याची का मी?" ते हसत म्हणाले, आणि पायलचं तोंड पाहून सुई पोत्यात खोचून उठले.

पायलने आधी वाकून काट्यावरची माती झाडली. आकडे शून्यावर येईपर्यंत थांबली. मित्राला हलीमाकडे न देता सदाशिवरावांच्या हातात दिलं, आणि एकटी काट्यावर चढली. त्रेचाळीस किलो दोनशे. मग खाली उतरून मित्राच्या अंगातला फ्रॉक काढला, हातातले वाळे काढून फ्रॉकसकट फळीवर ठेवले, तिला घेऊन पुन्हा चढली.

एकोणपन्नास किलो दीडशे.

हलीमाच्या डोक्यात वजाबाकी व्हायच्या आधी पायलने आकडा सांगितला.

"पाच किलो साडेनऊशे."

सहाच्याही आत. साडेचारशेपेक्षा जास्त खोटं बोलली होती ती झोळी. अकराव्या महिन्यात सहाच्या आत, म्हणजे लाल, त्याला कोणत्या तक्त्याची गरज नव्हती. पायलने पुन्हा एकदा उतरून, पुन्हा चढून पाहिलं. आकडा हलला नाही. तिने मित्राला घाईघाईने फ्रॉक घालायला घेतला. हलीमा मदतीला पुढे झाली तर तिने खांदा वळवला. फ्रॉक उलटाच घातला गेला.

"उद्या यवतमाळ," हलीमा म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात अशा बाळांना भरती करतात. चौदा-पंधरा दिवस राहावं लागतं. मी चिठ्ठी देते, मी स्वतः येते. सुधारते गं पोरगी, मी सुधारलेली बाळं पाहिली आहेत."

"तुमी पाहिलेलं," पायल म्हणाली आणि मित्राला दुसऱ्या कडेवर घेतलं.

धम्मदीप तेवढ्यात सायकलवरून आला. पायलने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो कंपनी, खोली, रुजू व्हायची तारीख असं काहीतरी म्हणायला लागला आणि पोरीकडे पाहून थांबला. मग ठरलं. तो एकटा बुटीबोरीला जाईल, पायल यवतमाळला. ताईंनी चिठ्ठी द्यावी, असं त्याने सांगितलं. ताईंनी यावं, असं दोघांपैकी कोणी म्हटलं नाही.

हलीमाने दुकानाच्या फळीवर वही ठेवून चिठ्ठी लिहिली. नाव, वय, वजन. वजनाच्या पुढे तिने लिहिलं की याआधीची तीन महिन्यांची वजनं विश्वासाची नाहीत, झोळीचं वजन त्यात गेलं आहे, आणि खाली आपलं पूर्ण नाव, हुद्दा, फोन नंबर घातला. पायलने चिठ्ठी उभ्यानेच सगळी वाचली. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

"यवतमाळची कितीची गाडी हाय सकाळी?" तिने विचारलं, कोणाकडेही न पाहता.

"पावणेसात. मी स्टँडवर असते."

पायलने मित्राच्या डोक्यावर पदर घेतला. निघून गेली.

सहा वाजायला आले होते. सत्यभामा मॅडमचा फोन दोनदा येऊन गेला होता. हलीमाने परत लावला नाही. तिने मेसेज लिहिला की एक बालक लालमध्ये आहे, उद्या भरतीला पाठवते आहे, बाकीच्या सदतीस बाळांची वजनं उद्यापासून पुन्हा करते आहे, यादी दुरुस्त करावी. लिहून पुन्हा वाचला. अर्जाचा विचार मनात आला, तोही पुसता आला नाही. मग पाठवला.

सदतीस घरं होती. उद्यापर्यंत थांबायचं तिच्या पायांना जमेना. पहिलं घर उमेराचं, अंगणवाडीच्या समोरच. उमेराचा साद म्हणजे वॉर्डातलं मानाचं बाळ. गेल्या महिन्यात नऊ किलो भरला तेव्हा उमेराने मोबाईलच्या स्टेटसला काट्यासकट फोटो लावला होता. ती ओट्यावर मेथी निवडत होती.

"उमेरा, सादला उद्या घेऊन ये. परत तोलायचं आहे."

"काहून? परवाच तं तोललं."

हलीमाला वाटलं होतं की पायलपाशी जे बोलून झालं ते आता सोपं जाईल. गेलं नाही. अजून छत्तीस वेळा हे असंच होणार होतं.

"माझ्या हातून चुकलं. तीन महिने सगळ्यांचंच वजन जास्त लिहिलं गेलं. सादचंही."

उमेराने मेथीची जुडी खाली ठेवली. किती जास्त, असं तिने विचारलं नाही. पायलला मित्राला घेऊन सदाशिवरावांच्या दुकानाकडे जाताना तिने ओट्यावरून पाहिलं होतं. तिने विचारलं, "पायलच्या पोरीचं किती निघालं?"

हलीमाने सांगितलं.

उमेरा उठून आत गेली. आतून साद रडायला लागल्याचा आवाज आला, झोपेतून उठवल्यासारखा. हलीमा ओट्याखाली उभी राहिली. आत्ता दार बंद होईल, किंवा सासू बाहेर येईल आणि गल्ली ऐकेल असं बोलेल, याची तयारी करत राहिली. उमेरा बाहेर आली ती सादला काखेत मारून, दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यातून झबलं ओढत.

"उद्या कायले?" ती म्हणाली. "उघडा कुलूप."